धागा: फक्त अंधार पडल्यावरच बंद पडणारी १९७३ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार), वायरिंगवाले जाणकार मदत करा

रात्रपाळी
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी इंग्लंडात रीडिंगला असतो. गेल्या वर्षी बायकोची भरपूर बोलणी खाऊन १९७३ची एमजीबी घेतली, टप उघडणारी, दोन सीटवाली, गडद हिरवी. १७९८ सीसी, दोन एसयू कंपनीचे कार्बोरेटर. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे एमओटी तपासणीची सक्ती नाही आणि रोड टॅक्सही नाही, त्यामुळे स्वस्तात पडेल असं मला वाटलं होतं (हसू नका).

तर प्रॉब्लेम असा की दिवसा गाडी सोन्यासारखी चालते, मोटारवेवर तासभर पळवली तरी कुरकुर नाही. पण संध्याकाळी ऑफिसातून येताना एका मोठ्या सिग्नलला दोन-तीन मिनिटं उभं राहावं लागतं, तिथे इंजिन आधी धापा टाकतं आणि मग गप्प. सेल्फ मारला तर इंजिन मस्त गरागरा फिरतं पण पकडत नाही. ढकलत कडेला घ्यायची, दिवे बंद करायचे, घरी फोन करून उशीर होईल म्हणून सांगायचं, आणि दहा मिनिटांनी चावी फिरवली की पहिल्या झटक्यात चालू!! पंधरा दिवसांत तीनदा झालंय.

आतापर्यंत बॅटरी नवी, प्लग नवे, पेट्रोल फिल्टर नवा. इथल्या एका गॅरेजवाल्याने आल्टरनेटर वीक आहे म्हणून तोही बदलला, १४० पौंड. फरक शून्य.

टीपकागद
अरे भूत आहे ते. लिंबू-मिरची बांध.

तो जुना जोक माहितीये ना, लुकासच्या (जुन्या ब्रिटिश गाड्यांचं इलेक्ट्रिक सामान बनवणारी कंपनी) दिव्याच्या बटणाला तीन पोझिशन असतात: मंद, मिणमिण आणि बंद. 'प्रिन्स ऑफ डार्कनेस' उगाच नाही म्हणत लोक.

कोल्हापुरी_स्पॅनर
व्हेपर लॉक. इंजिनच्या उष्णतेने पाइपात पेट्रोलची वाफ होते, ट्रॅफिकमध्ये थांबलं की हवा लागत नाही, मग पेट्रोल येत नाही, गार झालं की परत चालू. आमच्या घाटात जुन्या गाड्यांना हमखास. पाइपावर ओलं फडकं टाक.

रात्रपाळी
@कोल्हापुरी_स्पॅनर इथे नोव्हेंबर चालूये हो, संध्याकाळी ६ डिग्री. पेट्रोलची वाफ सोडा, माझीच वाफ निघतेय तोंडातून.

सेल्फस्टार्ट_नाना
३१ वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान चालवलं, आता मुलगा बघतो. एमजीबी काही हाताखालून गेली नाही पण अँबॅसिडर शेकड्याने गेल्या. तुझं १७९८चं इंजिन आणि अँबॅसिडरचं जुनं १४८९चं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजची, म्हणजे चुलत भावंडंच. डायनामो, कटआउट, सेल्फ सगळा लुकासचाच कारखाना.

मला पहिला संशय कॉइलवर (स्पार्कसाठी व्होल्टेज वाढवते ती). आतून गेलेली कॉइल गरम झाली की स्पार्क सोडते, गार झाली की परत येते. बंद पडल्या पडल्या एक प्लगची वायर काढून स्पार्क येतोय का बघ. स्पार्क निळा आणि कडक असेल तर कॉइल, कंडेन्सर विसरून जा आणि पेट्रोलच्या मागे लाग.

आणि टीपकागद, लुकासला किती दिवस शिव्या घालणार रे? पन्नास वर्षांपूर्वीची वायर आहे, मधे सतरा जणांनी पक्कड लावलेली. उद्या तुझी गाडी पन्नास वर्षांची झाली की बघू काय चालतं ते.

पेट्रोल_पंक्चर
सगळं वायरिंग उपटून टाक आणि नवीन हार्नेस बसव. एमजीबी पाच लाखांच्या वर बनल्यात, नवं तयार वायरिंग मिळतं तिकडे. जुन्यात हात घालणं म्हणजे वेळेचा सत्यानाश.

नाहीतर ती विक आणि माझ्दा एमएक्स-५ घे. दिसायला तीच मजा आणि घरी पोचशील.

ओहममावशी
थांबा जरा. काहीही उपटू नका आणि काहीही विकत घेऊ नका.

रात्रपाळी, तुम्हीच उत्तर लिहिलंय पहिल्या पोस्टीत. दिवसा सिग्नलला थांबता तेव्हा होत नाही, रात्री होतं. कॉइल दिवसाही तेवढीच तापते ना? मग रात्री वेगळं काय असतं? दिवे. आणि बंद पडल्यावर तुम्ही पहिली गोष्ट काय करता? दिवे बंद. त्या दहा मिनिटांच्या विश्रांतीने गाडी चालू होते असं तुम्हाला वाटतंय, मला वाटतं ती दिव्यांचा लोड गेल्यामुळे चालू होते. (मी नाशिकला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रिकल शिकवायचे, गाड्यांतलं फार कळत नाही पण विजेला ती गाडीत आहे का मिक्सरमध्ये हे माहीत नसतं.)

दोन गोष्टी करा. एक, अंधारात गाडी चालू करून कोणाला तरी मागे उभं करा आणि तुम्ही साइड लाइट लावा, मग ब्रेक दाबा, मग इंडिकेटर द्या. मागच्या माणसाला काय दिसतं ते शब्दशः लिहा. दोन, पेट्रोल पंप इलेक्ट्रिक आहे का, आणि कुठे बसवलाय?

रात्रपाळी
मावशी दंडवत. दिव्यांचं डोक्यातच आलं नाही.

पंप इलेक्ट्रिकच आहे, एसयूचा, गाडीच्या मागच्या भागात टाकीजवळ. चावी दिली की टकटकटक असा वाजतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो.

बायकोला मागे उभं केलं (थंडीत, रात्री नऊला, याची किंमत वेगळी मोजणार आहे). तिचं म्हणणं असं: साइड लाइट ठीक. ब्रेक दाबला की दिवे उजळायला हवेत ना, तर जेमतेम थोडे वाढतात आणि नंबर प्लेटचा दिवा उलट मंद होतो. उजवा इंडिकेटर दिला की तो धड पेटत नाहीच, पण त्याच्या तालावर मागचे सगळेच लाल दिवे लुकलुकतात, अगदी डाव्या बाजूचेसुद्धा. "गणपतीची आरास वाटतेय" असं म्हणाली.

नाना, स्पार्क बघितला, दिवे चालू ठेवून मुद्दाम उभी ठेवली, चार मिनिटांत बंद पडली. स्पार्क निळा, कडक.

सेल्फस्टार्ट_नाना
झालं! अर्थिंग. मागच्या बाजूचं अर्थिंग गेलंय. डावा दिवा उजव्या इंडिकेटरच्या तालावर नाचतो तेव्हा दुसरं काही नसतं. बाई बरोबर बोलल्या, कॉइल नाही, मी शब्द मागे घेतो.

रात्रपाळी
नाना, पण अर्थिंग मी आधीच चेक केलं होतं. मल्टिमीटरच्या बीपवर ठेवून दिव्याच्या काळ्या वायरपासून बॉडीपर्यंत, दोन्हीकडे खणखणीत बीप आला. म्हणून तर तो विषय सोडून दिला होता.

ओहममावशी
या बीपने किती लोकांचे किती पैसे घालवलेत देव जाणे.

बीप देताना मीटर वायरीतून जेमतेम एखादा मिलिअँपिअर पाठवतो. तुमचे मागचे दिवे मोजू: ब्रेकचे दोन २१ वॅटचे, इंडिकेटर २१, साइडचे दोन ५-५, नंबर प्लेटचे धरून एकूण ८० वॅटच्या आसपास, म्हणजे साडेसहा अँपिअर. हजारो पट. वाड्याच्या दिंडी दरवाजातून एक माणूस वाकून सहज जातो, म्हणून तिथून वरात जाईल का? मीटर एकच माणूस पाठवून "रस्ता मोकळा आहे" म्हणतो. तार तुटत तुटत केसाएवढी उरली असेल तरी तो बीप देईल.

ओहममध्ये मोजूनही उपयोग नाही. तुमचा दोष अर्धा ओहमसुद्धा नसेल, आणि साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच पाव ओहम असतो.

म्हणून लोड चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी टोचणी बॅटरीच्या वजा टर्मिनलवर, तिथपर्यंत पोचायला लांब वायर जोडा. लाल टोचणी मागच्या दिव्याच्या काळ्या वायरच्या जोडावर. दोन्ही जागा अर्थिंगच्या, म्हणजे मधे शून्यच यायला हवं. ०.१-०.२पर्यंत चालेल. जास्त आलं तर तेवढे व्होल्ट रस्त्यात कोणीतरी खातंय. एकेक दिवा वाढवत आकडे लिहा.

कोल्हापुरी_स्पॅनर
दिंडी दरवाजा 😂 हे आमच्या आयटीआयच्या सरांनी सांगितलं असतं तर मी पास झालो असतो.

टीपकागद
पण दिव्याचं अर्थिंग खराब म्हणून इंजिन कसं बंद पडेल? दिवे मंद होतील फार तर. मला झेपलं नाही.

रात्रपाळी
आज शनिवार, सकाळपासून गाडीखाली. बॅटऱ्या सीटच्या मागच्या पत्र्याखाली आहेत, माझ्यात ६ व्होल्टच्या दोन, सिरीजमध्ये. आकडे देतो.

सगळं बंद: ०.०
साइड लाइट: ०.७
वर ब्रेक: २.१
वर इंडिकेटर: २.१ आणि २.८च्या मधे झोके

मीटरचा आकडा इंडिकेटरबरोबर वरखाली जाताना बघून अंगावर काटा आला राव. बीपवाला मीटर हाच होता!

ओहममावशी
२.८. वा.

टीपकागद, आता तुमचं उत्तर. रात्रपाळी, तुमच्या गाडीत पंपाची काळी वायर कुठे जाते?

रात्रपाळी
शोधली. डिकीत दिव्यांच्या काळ्या वायरी बुलेट कनेक्टरमध्ये (दाबून बसवायचा वायरींचा जोड) एकत्र येतात, पंपाचीही त्यातच, आणि तिथून एकच वायर नंबर प्लेटच्या बोल्टखाली लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून कसलीये. म्हणजे मागच्या अख्ख्या संसाराचं अर्थिंग एका बोल्टवर.

ओहममावशी
मग सरळ आहे. दिव्यांचा करंट त्या बोल्टपाशी अडकला की तिथली काळी वायर शून्यावर न राहता २.८वर चढते, आणि पंपाचे पाय त्याच पाण्यात. त्याला मिळणारे व्होल्ट तेवढे कमी.

अधिक बाजूही मोजून टाका. लाल टोचणी बॅटरीच्या अधिकवर, काळी पंपाच्या पांढऱ्या वायरवर, सगळे दिवे चालू, ब्रेक दाबलेला.

रात्रपाळी
०.९ आलं. आणि इंजिन आयडलला, हेडलाइटसकट सगळं चालू असताना बॅटरीवर १२.६.

ओहममावशी
१२.६मधून २.८ आणि ०.९ वजा करा. ८.९. बारा व्होल्टच्या पंपाला तुम्ही नऊसुद्धा देत नव्हता.

सेल्फस्टार्ट_नाना
त्यात माझी भर. त्या पांढऱ्या वायरीतला ०.९ इग्निशन स्विचमध्ये आणि बुलेटांमध्ये जातोय. या गाड्यांत ब्रेक लाइट, इंडिकेटर, वायपर हे सगळं इग्निशन स्विचमधूनच फिरून येतं, म्हणून ब्रेक दाबला की तिथेही ड्रॉप (वाटेत खाल्ले जाणारे व्होल्ट) वाढतो.

आणि चांगला पंप नऊ व्होल्टला रडत का होईना चालायला हवा. तुझा अडकतो म्हणजे त्याच्या आतले पॉइंट जळालेले असणार. त्याला पण पॉइंट असतात, डिस्ट्रिब्युटरसारखे, उघडमीट करतात त्याचाच तो टकटक आवाज. गाडी बंद पडली की पंपाला पान्याच्या दांड्याने हलकी टिचकी मार, टक करून चालू झाला तर पॉइंट.

लुकासचे रंग लक्षात ठेव, जन्मभर उपयोग होईल. ब्राउन म्हणजे बॅटरीवरून थेट, फ्यूज नाही, सांभाळून. पांढरा इग्निशन चालू झाल्यावर येतो, त्यालाही फ्यूज नाही. हिरवा इग्निशनवरच पण फ्यूजमधून. जांभळा कायम चालू, फ्यूजमधून, हॉर्न वगैरे. लाल साइड लाइट, निळा हेडलाइट, काळा अर्थिंग. दुसऱ्या रंगाची रेघ असली तर मूळ रंग घराणं सांगतो आणि रेघ नाव सांगते: हिरव्यावर जांभळी रेघ ब्रेक लाइट, हिरव्यावर पांढरी उजवा इंडिकेटर, हिरव्यावर लाल डावा.

रात्रपाळी
नाना, हे सोनं आहे. फक्त माझ्या आधीच्या मालकाने रेडिओ, फॉग लाइट आणि कसलातरी मेलेला अलार्म असं सगळं एकाच लाल वायरीच्या बंडलमधून केलंय. त्याच्या घराण्यात सगळेच लाल.

पेट्रोल_पंक्चर
म्हणूनच म्हटलं हार्नेस बदल.

सेल्फस्टार्ट_नाना
अरे बाबा, नवा हार्नेस टाकून त्याच बोल्टखाली कसला असता तर पैसे जाऊन दुखणं तिथंच राहिलं असतं. तू बायपासवाल्या डॉक्टरासारखा आहेस, सर्दी झाली तरी छाती उघडायची.

बोल्टाचं काम असं कर. आधी बॅटरीचं वजा टर्मिनल काढ. हातात अंगठी, कडं असेल तर काढून ठेव, पान्याने बॅटरी शॉर्ट झाली तर अंगठी लाल होते, मी बोट भाजलेला माणूस पाहिलाय. टाकी शेजारी आहे, तेव्हा ठिणगी नको. लग काढ, दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने घास, बॉडीचा पत्रा घास, पांढराशुभ्र दिसेपर्यंत. दातेरी वॉशर टाकून कस आणि मग वरून व्हॅसलिन. आधी नाही, कसल्यावर.

चाळीचा_जिना
धागा हायजॅक करतोय, सॉरी. माझ्याकडे ठाण्याला वडिलांची पद्मिनी आहे, स्पोर्ट्स कार नाही पण म्हातारी आहे. चार दिवस उभी ठेवली की बॅटरी डाउन. हाच प्रॉब्लेम असेल का?

ओहममावशी
नाही, उलटा. त्यांच्याकडे करंट जायला वाट नाही, तुमच्याकडे नको तिथून जातोय. सगळं बंद करून, दारं लावून, बॅटरीच्या वजा टर्मिनल आणि वायरच्या मधे मीटर अँपिअरवर लावा (मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालायला विसरू नका, आणि मीटर मधे असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटर जाईल). जुन्या गाडीत रेडिओ-घड्याळ नसेल तर शून्याच्या जवळ यायला हवं. आकडा आला तर एकेक फ्यूज काढत जा, ज्याने पडेल तो चोर.

चाळीचा_जिना
०.२८ येतंय. सगळे फ्यूज काढले तरी ०.२८.

सेल्फस्टार्ट_नाना
आल्टरनेटर बसवलाय का मागाहून? त्याची जाड वायर फ्यूजमधून जात नाही. वजा टर्मिनल काढलेलं असताना ती सोड, टेप गुंडाळ, परत मोज. पडला तर आतला डायोड लीक आहे. आणि वेगळा धागा काढ बाळा, इथे एक पेशंट टेबलावर आहे.

रात्रपाळी
टेबलावरचा पेशंट बोलतोय. लग काढला. खाली काय होतं माहितीये? रंग! कोणीतरी डिकी नव्याने रंगवलीये, हाच गडद हिरवा, सुंदर काम, आणि लग त्या रंगावरच कसलाय. करंट फक्त बोल्टच्या आट्यांमधून जात होता आणि त्यांना गंज. बाहेरून बघितलं तर सगळं चकाचक, म्हणून मी तिकडे दोनदा बघूनही पुढे गेलो होतो. लगची वायरही मुळाशी तुटत आली होती, हातात घेतली तर चार तारा उरलेल्या. नवा लग दाबून बसवला, पत्रा घासला, दातेरी वॉशर, व्हॅसलिन.

आता सगळे दिवे, ब्रेक, इंडिकेटर चालू ठेवून: ०.०८.

खर्च: लग आणि वॉशर मिळून दोन पौंडाच्या आत.

पण एक घोळ आहे. काल रात्री मुद्दाम दिवे लावून घराबाहेर उभी ठेवली, पंचवीस मिनिटं चालली आणि मग पंप एकदा अडकलाच. टिचकी मारली, चालू.

सेल्फस्टार्ट_नाना
मग पॉइंट, सांगितलं होतं. टोकाचं झाकण काढ (बॅटरी सोडून!), पॉइंटांच्या मधून बारीक पॉलिश पेपर फिरव, मग कोरा कागद फिरव म्हणजे भुकटी निघेल. खड्डे पडलेले असतील तर पॉइंटचा सेट नवा घाल.

रात्रपाळी
खड्डे होते. नवा सेट घातला. इग्निशन स्विचच्या मागचे बुलेट कनेक्टरही काढून साफ केले, एक तर हिरवागार झाला होता आतून. पांढऱ्या वायरीतला ड्रॉप ०.९वरून ०.३वर आला.

या आठवड्यात पाचही दिवस गाडीने ऑफिसला गेलो. त्याच सिग्नलला उभा राहिलो, पाय ब्रेकवर, उजवा इंडिकेटर, हेडलाइट, पाऊस म्हणून वायपरसुद्धा. काही झालं नाही. शुक्रवारी तर सिग्नल हिरवा झाला तरी मी पंपाची टकटक ऐकत बसलो होतो, मागच्याने हॉर्न मारला. रविवारी बायकोला घेऊन अबिंग्डनला जाऊन आलो, या गाड्या तिथेच बनायच्या, १९८०ला कारखाना बंद झाला. मुद्दाम अंधार पडल्यावर परत निघालो. ती म्हणाली हीटर कधी दुरुस्त होणार?

टीपकागद
हीटरचा वेगळा धागा काढ.

सेल्फस्टार्ट_नाना
तो जुना आल्टरनेटर टाकू नकोस रे, चांगला असणार तो.

रात्रपाळी
गॅरेजवाल्याने ठेवून घेतला, नाना.

ओहममावशी
आता तेच आकडे एका कागदावर तारखेसकट लिहून हातमोज्याच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर परत मोजा.

रात्रपाळी
मावशी, इथे पावसाळा संपतच नाही. दर महिन्याला मोजतो.